रात्रीचे दप्तर

झोपलेल्या मनुष्याने स्वतःच्या झोपेविषयी दिलेली जबानी कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ अनिर्णीत ठेवला होता. 1993 साली अमेरिकेत नॅन्सी क्रिब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने त्याचा निकाल बव्हंशी लावला. निद्रेतील श्वासरोधावर, म्हणजे आज ज्याला सर्वत्र स्लीप ॲप्निया म्हणतात त्या विकारावर, मास्कवाटे दाबयुक्त हवेचा उपचार घेणाऱ्या 35 रुग्णांच्या यंत्रांत एकेक सूक्ष्मसंगणक बसवलेला होता, आणि मास्कमध्ये दाब प्रत्यक्षात किती वेळ टिकला याची मिनिटवार नोंद तो अहोरात्र करीत होता. रुग्णांपैकी 60 टक्क्यांनी आपण रोज रात्री यंत्र वापरतो असे सांगितले. नोंदी उघडल्या तेव्हा शेकडा 70 दिवशी निदान चार तास तरी वापर झाला आहे, असे केवळ 16 जणांच्या बाबतीत आढळून आले. या रुग्णांवर असत्य भाषणाचा आरोप ठेवणे अन्यायाचे होईल. रात्री अकरा वाजता मास्क लावून दिवा मालवल्याचे ज्याला स्वच्छ आठवते, त्याला दोन वाजता अर्धवट जागृतीत तोच मास्क आपल्याच हाताने काढून उशीशेजारी ठेवल्याचे आठवत नाही, कारण त्या क्षणी साक्षीदारच हजर नसतो.

हा गैरहजर साक्षीदार ज्यावर विसंबू शकेल असा लेख आज प्रत्येक यंत्रात आपोआप लिहिला जातो. तो किती बारकाईने लिहिलेला असतो, घरच्या घरी कसा उघडता येतो आणि त्यातील कोणत्या आकड्याचा अर्थ कोणत्या मर्यादेत घ्यावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. हा लेख ज्याच्या श्वासाचा आहे त्याने तो स्वतः वाचला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र सकाळी उठल्याबरोबर एका आकड्यावर नजर टाकून समाधान किंवा धास्ती मानणे याला मी वाचन म्हणत नाही.

विकाराचे स्वरूप आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. घशाचा वरचा भाग हाडांच्या आधाराविना, केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. झोपेत हा ताण उतरतो; ज्यांचा मार्ग मुळात अरुंद आहे, मानेभोवती मेद साठला आहे अथवा ज्यांचा जबडा मागे आहे, त्यांची जीभ व मृदू टाळू मागे सरकून मार्ग बंद होतो. छाती श्वास घेण्यासाठी धडपडत राहते, परंतु हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू घटतो, आणि अखेरीस मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायूंना पुन्हा ताणतो, तेव्हा मोठ्या घोरण्यासह श्वास सुटतो. हवेचा प्रवाह निदान दहा सेकंद जवळजवळ पूर्ण थांबला तर त्याला श्वासरोध म्हणावयाचे, आणि तो ठरावीक प्रमाणात मंदावून त्याबरोबर प्राणवायू घटला किंवा झोप चाळवली तर अल्पश्वास. दोहोंची बेरीज करून दर तासाला पडणारी सरासरी काढली की एएचआय हा आकडा मिळतो: पाचाच्या आत असेल तर स्वाभाविक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, आणि त्यावर तीव्र. तासाला 20 म्हणजे आठ तासांच्या झोपेत 160 वेळा ही झुंज होते, आणि सकाळी त्यांतील एकही आठवत नाही. आठवतो तो केवळ जड डोक्याने उगवलेला दिवस.

हा विकार आपल्याकडे विरळा आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा निद्राश्वसनातील बिघाड 19.5 टक्क्यांत, आणि त्याच्या जोडीला दिवसा अनिवार झोप येण्याची तक्रार 7.5 टक्क्यांत आढळली. हे लोक रुग्ण म्हणून आलेले नव्हते, ही गोष्ट या आकड्यांचे महत्त्व वाढवणारी आहे.

उपचाराचा शोध ऑस्ट्रेलियातील. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातील कॉलिन सलिव्हन यांच्यापुढे तोपर्यंत या तीव्र विकारावर एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणे. 1980 साली असा छेद घेण्यास नाखूष असलेल्या एका रुग्णावर त्यांनी वेगळा प्रयोग केला: नाकावर घट्ट बसणारा साचा, त्याला जोडलेली नळी आणि निर्वात झाडणीयंत्राच्या जातीची हवा फुंकणारी मोटर. नाकातून अखंड येणाऱ्या किंचित दाबाच्या हवेने घसा आतून तोलला गेला आणि श्वास सुरळीत चालू राहिला. पाच रुग्णांवरील या प्रयोगाचा वृत्तान्त 'लॅन्सेट' या नियतकालिकात 1981 साली आला, आणि त्यात वापरलेला दाब पाण्याच्या 4.5 ते 10 सेंटिमीटर स्तंभाइतका होता. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे एक शतांश. इतक्या अल्प बळाने इतके मोठे संकट टळते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. आज सीपॅप या नावाने घरोघरी पोचलेले यंत्र तत्त्वतः तेच आहे. बहुतेक यंत्रांची कक्षा 4 ते 20 सेंटिमीटरांची असते, आणि स्वयंचलित प्रकारात यंत्र दर श्वासाची चाहूल घेऊन, घोरणे वा अडथळा जाणवताच, नेमून दिलेल्या मर्यादेत दाब स्वतः वाढवते व उतरवते.

दाब वाढवावयाचा तर श्वास मोजला पाहिजे, आणि मोजलेला श्वास लिहूनही ठेवता येतो, हे ओघानेच आले. आजच्या यंत्राच्या कुशीत एक छोटेसे एसडी कार्ड असते. त्यावर रात्रभराच्या हवेच्या प्रवाहाची रेषा सेकंदाच्या अंशाअंशाने उमटते, इतकी की रेसमेड कंपनीच्या यंत्रात दर सेकंदाला 25 नोंदी होतात. शिवाय दाब, गळती, घोरणे, श्वसनाची गती आणि प्रत्येक श्वासरोधाची वेळ व कालावधी असा सारा तपशील त्यावर येतो. ही नोंद ज्या इडीएफ नामक स्वरूपात साठवली जाते ते युरोपातील संशोधकांनी 1992 साली मेंदूच्या व झोपेच्या आलेखांची देवघेव सुलभ व्हावी म्हणून ठरवले होते. यंत्राचा दिवस मध्यरात्री न बदलता दुपारी बारा वाजता बदलतो, ही व्यवस्थाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तसे नसते तर एकाच रात्रीची झोप दोन तारखांत विभागली गेली असती. कार्ड यंत्रात नसेल तर यंत्र चालते, परंतु तपशील हरपतो आणि पुष्कळदा केवळ गोषवारा उरतो. म्हणून यंत्र विकत घेतल्यावर पहिल्या रात्रीपूर्वी कार्ड जागेवर आहे की नाही याची खातरजमा करण्यात हयगय होऊ नये.

यंत्राच्या पडद्यावर सकाळी दिसतात ते आकडे, किंवा भ्रमणध्वनीवरील ॲप दाखवते ते गुण, हा त्या तपशिलाचा फार आटवलेला अर्क असतो. रेसमेडच्या मायएअर या ॲपचे उदाहरण घ्या. ते दर रात्रीला शंभरांपैकी गुण देते. त्यांपैकी 70 गुण वापराच्या तासांना, 20 मास्क नीट बसल्याबद्दल, 5 मास्क वारंवार न काढल्याबद्दल, आणि श्वासरोधांच्या संख्येला उरलेले 5. नव्या रुग्णाला मास्कची सवय लागावी हा त्यामागील हेतू रास्त आहे, आणि त्या हेतूपुरती ही वाटणी योग्यच म्हटली पाहिजे. तथापि शंभरांपैकी 95 गुण मिळवणाऱ्या मनुष्याचा श्वास रात्रभर अडखळत असणे शक्य आहे, हे त्या मनुष्याला ठाऊक असले पाहिजे. व्यापाऱ्याला खतावणीतली बाकी पाहून पेढीची सुस्थिती कळते, परंतु पैसा कोठे झिरपतो हे समजण्यासाठी रोजकीर्दच उलगडावी लागते. येथे रोजकीर्द कार्डावर आहे.

ती उलगडण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे, आणि ते रुग्णांच्या परस्परसाहाय्यातून वाढले आहे. ऑस्ट्रेलियातील मार्क वॉटकिन्स यांनी 'स्लीपीहेड' नावाचा मुक्त-स्रोत प्रोग्राम लिहिला. 2019 साली त्यांनी त्याचे काम थांबवल्यावर स्वयंसेवकांच्या एका गटाने तोच धागा पुढे नेऊन 'ऑस्कर' सिद्ध केला. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो, निरनिराळ्या कंपन्यांच्या अनेक यंत्रांची कार्डे वाचतो, आणि माहिती आपल्याच संगणकावर ठेवतो, कोणाकडे धाडत नाही. सकाळी यंत्र बंद करून कार्ड काढावे. त्याच्या कडेची बारीकशी कळ सरकवून ते लेखनबंद करावे, कारण काही संगणक कार्ड घालताच त्यावर आपल्या खुणेच्या फायली लिहितात आणि मग यंत्र ते कार्ड नाकारते. संगणकात माहिती उतरवून घ्यावी, कळ पूर्ववत करावी आणि कार्ड यंत्रात परत ठेवावे. कार्ड टेबलावर विसरून राहणे हा या साऱ्या खटाटोपातील सर्वांत सामान्य अपघात आहे.

आता वाचनाचा क्रम. बहुतेकांची दृष्टी प्रथम एएचआयवर जाते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी जावी. प्रथम तास पाहावेत. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विम्याने सलग 30 दिवसांपैकी शेकडा 70 रात्री निदान चार तास, हा दंडक उपचार चालू ठेवण्यासाठी घातला, आणि त्यामुळे चार तास पुरेत अशी समजूत जगभर पसरली. परंतु तो देयकाचा दंडक आहे, आरोग्याचा नव्हे. 2007 साली टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी वापराचे तास व दिवसाची जागरूकता यांचा संबंध तपासला, तेव्हा स्वतःला वाटणारी झोपाळूपणाची भावना चार तासांच्या वापरापर्यंत, प्रयोगशाळेत मोजलेला झोपाळूपणा सहा तासांपर्यंत आणि दैनंदिन कामकाजातील सुधारणा साडेसात तासांपर्यंत वाढत्या वापराबरोबर सुधारत गेली, असे त्यांना आढळले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत, जीत भारतासह सात देशांतील 2717 हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे रुग्ण होते, सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. परंतु त्या चाचणीतील सरासरी वापर रात्री 3.3 तासांचा होता, हे सांगितल्याशिवाय तो निष्कर्ष सांगणे अपुरे ठरते.

तासांकडे दुर्लक्ष झाले तर एएचआय कसा फसवतो, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका गृहस्थांचा उपचाराविना एएचआय 30 आहे. ते सात तास झोपतात, पण मास्क चारच तास लावतात, आणि यंत्र त्या चार तासांचा एएचआय 2 दाखवते. यंत्राचे म्हणणे खरे आहे. त्या चार तासांत आठच श्वासरोध झाले. परंतु उरलेल्या तीन तासांत, यंत्राच्या दृष्टीआड, 90 झाले. एकूण 98, सात तासांनी भागले तर तासाला 14. म्हणजे ज्या मनुष्याला सकाळी 2 हा आकडा पाहून हायसे वाटले, त्याची रात्र मध्यम विकाराच्या उंबरठ्यावर गेली. त्यातही स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, त्या अवस्थेत शरीराचे स्नायू सर्वाधिक शिथिल होतात, आणि मास्क निघतो तोही प्रायः याच प्रहरी. प्रत्यक्षातील तोटा या सरळ हिशेबाहूनही मोठा असण्याचा संभव आहे.

दुसरी पाहणी गळतीची. प्रत्येक मास्कला बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात, ज्यांतून उच्छ्वासातला कार्बनवायू बाहेर पडतो. ही गळती आवश्यक आहे. तिच्याव्यतिरिक्त होणारी गळती, म्हणजे कडेने सुटणारी किंवा उघड्या तोंडातून जाणारी हवा, ही खरी चिंतेची बाब. रेसमेडची यंत्रे हेतुपूर्वक गळती वजा करून उरलेली दाखवतात आणि मिनिटाला 24 लिटरांच्या पुढे ती गेली की मोठी मानतात. फिलिप्सची पुष्कळ यंत्रे एकूण गळती दाखवतात, जीत छिद्रांतली हवाही धरलेली असते. दोन शेजाऱ्यांनी भिन्न कंपन्यांची यंत्रे घेऊन परस्परांच्या गळतीची तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे. गळती मोठी असताना यंत्राला श्वासाची रेषा स्पष्ट दिसत नाही, आणि जे दिसले नाही ते यंत्र मोजीत नाही; तेव्हा गळतीच्या तासांतला अल्प एएचआय हा आरोग्याचा दाखला मानता येत नाही. कूस बदलताना मास्क सरकला असेल तर रेषा एकदम उसळून पुन्हा खाली येते. तोंड उघडे पडत असेल तर ती चढून बराच वेळ पठारासारखी राहते, आणि सकाळी घसा कोरडा पडल्याची तक्रार तिच्याशी जुळते. मास्कचा पट्टा करकचून आवळणे हा पहिला उपाय नव्हे. अति आवळलेल्या मास्कची गादी दबून उलट अधिक गळते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पट्टा ढिला करून, झोपलेल्या स्थितीत आणि यंत्र चालू असताना, तो नव्याने बसवावा.

यानंतर एएचआय, आणि तोही त्याचे घटक वेगळे करून. यंत्र प्रत्येक श्वासरोधाच्या वेळी घसा बंद होता की उघडा, हे शोधण्याचा प्रयत्न करते. रेसमेडची यंत्रे त्यासाठी हवेत सेकंदाला चार सूक्ष्म कंपने सोडतात आणि त्यांचा प्रतिसाद पाहतात, तर फिलिप्सची यंत्रे दाबाचे लहानसे ठोके देतात. घसा बंद असेल तर अवरोधी श्वासरोध. घसा उघडा असूनही श्वास नसेल तर मेंदूकडून आज्ञाच सुटली नाही असे मानून त्याला मध्यवर्ती म्हणावयाचे. या भेदाचे व्यावहारिक महत्त्व फार आहे. पहिल्या प्रकारावर दाब वाढवणे हा उपाय असू शकतो. दुसऱ्यावर दाब वाढवल्याने लाभ होत नाही, आणि क्वचित वाढलेल्या दाबानेच तो उद्भवतो. उपचाराच्या आरंभी काही रुग्णांत मध्यवर्ती श्वासरोध दिसू लागतात आणि अनेकांत ते काही आठवड्यांत मावळतात. मावळले नाहीत, किंवा श्वास क्रमाक्रमाने मोठा होत जाऊन पुन्हा लहान होत थांबतो अशी लाट दिसू लागली, तर ती गोष्ट वैद्याच्या कानांवर घातलीच पाहिजे. ही लाट डब्लिनचे जॉन चेन यांनी 1818 साली आणि विल्यम स्टोक्स यांनी 1854 साली वर्णिली, आणि हृदयाच्या दुर्बलतेशी तिचा संबंध तेव्हापासून ज्ञात आहे.

सरासरीचा आणखी एक दोष असा की ती काळ पुसून टाकते. आठ तासांत 38 घटना झाल्या तर एएचआय 4.8 येतो, आणि पाचाच्या आत म्हणून तो स्वाभाविक ठरतो. पण त्यांपैकी 30 घटना पहाटे चार ते पाच या एका तासात झाल्या असतील, तर त्या तासापुरता तो मनुष्य तीव्र विकाराच्या कक्षेत होता. ऑस्करच्या आलेखात असे पुंजके तत्काळ डोळ्यांत भरतात. ते उताणे झोपल्याने असतील, उंच उशीमुळे हनुवटी छातीकडे झुकल्याने असतील, स्वप्ननिद्रेमुळे असतील किंवा झोपण्यापूर्वी घेतलेल्या मद्यामुळे असतील. कोणते कारण खरे, हे एका रात्रीवरून ठरत नाही. यासाठी कार्डाशेजारी एक साधी वही असावी, आणि तीत कोणत्या कुशीवर झोप लागली, जेवण किती वाजता झाले, सर्दी होती काय, नवे औषध सुरू झाले काय, रात्री वीज किती वेळ गेली होती, आणि दिवस कसा गेला, एवढे दोन ओळींत लिहावे. यंत्राला यांपैकी काहीही कळत नाही.

यंत्राला काय कळत नाही, हे सविस्तर सांगणे मला विशेष अगत्याचे वाटते. मनुष्य झोपला आहे की जागा, हे ते जाणत नाही. कारण निद्राप्रयोगशाळेत मेंदूच्या विद्युल्लहरी मोजतात, तशी सोय घरच्या यंत्रात नसते. पडल्या पडल्या विचार करताना रोखलेला श्वास, कूस वळताना घेतलेला दीर्घ निःश्वास आणि त्यानंतरचा विराम, हे सारे श्वासरोध म्हणून नोंदले जाऊ शकते. आलेख मोठा करून पाहिला तर हा भेद सरावाने ओळखता येतो: गाढ झोपेतला श्वास एकसारख्या गोल लाटांचा असतो, जागेपणीचा अनियमित व ओबडधोबड, आणि अर्धवट अडलेला श्वास माथ्यावर चपटा. हे चपटे माथे एएचआयमध्ये मोजले जात नाहीत, तरीही झोप वारंवार चाळवू शकतात. आकडा उत्तम असूनही दिवसा थकवा टिकून राहिलेल्या मनुष्याने प्रथम तेथे पाहावे. शिवाय रक्तातील प्राणवायूचे मापन बहुतेक यंत्रांत नसते. म्हणून प्रयोगशाळेतला अल्पश्वास आणि यंत्राने केवळ प्रवाहावरून ठरवलेला अल्पश्वास यांची व्याख्याच निराळी पडते, आणि दोन्ही एएचआय एका रकान्यात लिहून त्यांची वजाबाकी करणे शास्त्रसंमत नाही.

प्राणवायूची उणीव वेगळ्या ऑक्सिमीटरने काही अंशी भरून निघते. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 साली मांडलेल्या तत्त्वावर हे उपकरण चालते: तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून पार करून, नाडीच्या ठोक्यागणिक होणाऱ्या फरकावरून प्राणवायूचे प्रमाण काढावयाचे. 2020 व 2021 च्या महासाथीत आपल्या घराघरांत जे छोटे ऑक्सिमीटर आले, ते क्षणाचे माप दाखवतात, रात्रभराची नोंद ठेवीत नाहीत. नोंद ठेवणारे, मनगटाला किंवा बोटाला बांधावयाचे उपकरण निराळे घ्यावे लागते. गडद नखरंग, थंड पडलेली बोटे आणि हालचाल यांनी माप चुकते, त्यामुळे आलेखातली एखादी खोल एकाकी दरी बहुधा हाताच्या हालचालीची असते. श्वासाच्या रेषेतील अडथळा आणि त्यानंतर काही सेकंदांनी उतरलेला प्राणवायू अशी जोडी वारंवार जुळली, तरच तिला वजन द्यावे. आणि दिवसाचे माप म्हणून मेलबर्नचे मरी जॉन्स यांची 1991 सालची एपवर्थ प्रश्नावली जोडीला असावी. तीत आठ प्रश्न व 24 गुण असतात, आणि दहाहून अधिक गुण हे वाजवीपेक्षा जास्त झोपाळूपणाचे चिन्ह मानतात. महिन्यातून एकदा ती भरण्यास पाच मिनिटे लागतात.

एवढी माहिती हाताशी आली की यंत्राचा दाब स्वतःच बदलून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याचे कारण वैद्यांचा अधिकार राखणे हे नव्हे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 'सर्व्ह-एचएफ' या चाचणीत हृदयाची पंपशक्ती क्षीण झालेल्या आणि मुख्यतः मध्यवर्ती श्वासरोध असलेल्या रुग्णांना एका प्रगत स्वयंचलित यंत्राने उपचार दिला गेला. त्यांचा एएचआय उत्तम रीतीने खाली आला. परंतु हृदयविकाराने होणारे मृत्यू त्या गटात अधिक झाले. आलेख सुधारला म्हणजे मनुष्य सुधारला असे दर वेळी होत नाही, याचा इतका गंभीर पुरावा या क्षेत्रात दुसरा नाही. हे सीपॅपविषयी घडले नाही, वेगळ्या यंत्राविषयी आणि विशिष्ट रुग्णांविषयी घडले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. नाहीतर एखादा भित्रा वाचक आपला उपयुक्त उपचार टाकून द्यावयाचा. मास्क, उशी, कूस, झोपेची वेळ, आर्द्रतेसाठी ठेवलेले पाणी, या गोष्टी रुग्णाच्या अखत्यारीतील आहेत आणि त्यांत, एका वेळी एकच, असा बदल करून आठवडाभर परिणाम पाहावा. दाब मात्र चिकित्सकाच्या संमतीने बदलावा.

आपल्याकडे या वाचनाची निकड अधिक आहे, याचे कारण आर्थिक आहे. अमेरिकेत विमा कंपनीला आपला पैसा वाया जात नाही ना हे पाहावयाचे असते, म्हणून कोणीतरी नोंद तपासते. आपल्या देशात हे यंत्र बहुधा पदरच्या पैशाने एकदाच विकत घेतले जाते. विक्रेता ते घरी आणून बसवतो, कारखान्यातून आलेली 4 ते 20 ही सैल मर्यादा पुष्कळदा तशीच राहते, आणि त्यानंतर ती नोंद पाहण्याचे कर्तव्य कोणाच्याच शिरावर नसते. कित्येक यंत्रे दोन-तीन महिन्यांत कपाटात जातात, आणि 'मला ते मानवले नाही' एवढाच शेरा मागे उरतो. त्या कपाटातल्या कार्डावर मास्कची गळती, रात्री दोनचा खंड किंवा सुरुवातीला गुदमरवणारा अपुरा दाब, यांपैकी काहीतरी सुधारता येण्याजोगे कारण अनेकदा लिहिलेले असते. न वाचताच उपचार निष्फळ ठरवला जातो, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

वैद्याकडे जाताना साऱ्या रात्रींचे बाड नेऊ नये. तपासणीच्या दहा मिनिटांत ते उलगडले जाणार नाही. चार आठवड्यांचा गोषवारा एका पानावर न्यावा, ज्यात वापराचे तास, गळती, अवरोधी व मध्यवर्ती असे वेगळे केलेले एएचआय आणि दाबाचा मध्यक व 95 टक्के काळ ज्याच्या आत गेला तो दाब एवढे असावे. सोबत एका चांगल्या आणि एका वाईट रात्रीचा पूर्ण आलेख, वहीतील त्या दोन तारखांच्या ओळी, एपवर्थचे गुण, आणि लिहून नेलेला एकच नेमका प्रश्न. 'डॉक्टर, माझे बरे चालले आहे ना?' हा प्रश्न त्या पानावर लिहू नये. 'पहाटे चारनंतर अवरोधी घटना वाढतात आणि दाब वरच्या मर्यादेला टेकलेला दिसतो. मर्यादा बदलावी का?' असा लिहावा, म्हणजे उत्तरही तितकेच नेमके मिळते.